हवामानवाल्यांना पारावर बसवा

(नागपूर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवरचा पाचवा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आमच्या कानावर आले आहे. कापसाचा भाव आहे, पंपाची वीज आहे, रानडुकरे आहेत; त्यात हे 'हवामान शास्त्रज्ञांबरोबर एक संध्याकाळ' कोठून आले? चळवळ आता व्याख्यानमाला भरवणार काय, असे एका जुन्या कार्यकर्त्याने विचारलेही. प्रश्न रास्त आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

आपण इतकी वर्षे भाव मागत आलो. भाव मिळतो तो क्विंटलला. पण क्विंटल घरी यायच्या आधी जो जुगार खेळावा लागतो, त्याचा हिशेब आपण कधी नीट मांडला नाही. बीटी सरकीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची केंद्राने ठरवलेली कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकर पऱ्हाटीला दहा पाकिटे, म्हणजे ९,०१० रुपये. मृगात दोन सरी आल्या, जमीन वरून ओली दिसली, शेजाऱ्याने डोबायला बाया लावल्या म्हणून आपणही लावल्या. मग पावसाने पंधरा दिवस तोंड फिरवले. कोंब जमिनीतच करपले. पुन्हा दहा पाकिटे, पुन्हा तीच मजुरी, आणि दुकानात तोवर हवे ते वाण राहिलेले नसते, जे असेल ते घ्यावे लागते. वर पेरणी तीन आठवडे मागे गेली ती गेलीच. उत्पादन खर्चाच्या सरकारी सरासरीत तुमची ही दुबार पेरणी अशी विरघळून जाते की तिचा मागमूस उरत नाही. तेव्हा पावसाचा अंदाज हा भावाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. तो खर्चाच्या रकान्यात बसलेला आहे, फक्त तो रकाना आजवर कोणी लिहिलेला नाही.

आणि ही माहिती तयार करणारी माणसे कोठे बसतात? याच शहरात. सोनेगावला विमानतळाच्या अंगाला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, ती १९७६ सालापासून. अमरावती रोडला मातीचा सर्व्हे करणारी राष्ट्रीय संस्था आहे, उपग्रहाची चित्रे वाचणारे केंद्र आहे. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय १९०६ चे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाचे इतके शहाणपण एका गावात गोळा झालेले दुसरीकडे क्वचितच सापडेल. आपण कॉटन मार्केटला येतो, कोर्टात येतो, मेडिकलला येतो. पण या माणसांपैकी एकाशी तरी पाच मिनिटे बोललेला शेतकरी या मांडवात शोधला तर बोटे पुरून उरतील.

आता बुलढाणा जिल्ह्यात चला. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तेथे शेतात घटमांडणी होते. गोल आखतात, मध्ये खड्डा करतात, पावसाच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे ठेवतात, वर पाण्याने भरलेली घागर, पापड, पुरी, पानसुपारी, आणि भोवती अठरा धान्ये मांडतात. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ किती ओले झाले, हे पाहून वाघ घराण्यातील मंडळी त्या वर्षाच्या पावसापाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगतात. ऐकायला दूरदूरचे हजारो शेतकरी जमतात.

आम्ही विज्ञान शिकलेले लोक. मुंग्यांनी आणि वाऱ्याने हलवलेल्या दाण्यावरून ऑगस्टचा पाऊस कळतो असे आम्ही मानत नाही, आणि ते येथे स्पष्ट सांगतो. पण ज्यांनी भेंडवळची टिंगल केली त्यांनी एक प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही. हजारो माणसे तेथे का जातात, आणि सोनेगावला एकही का जात नाही? तेथे जाणारा शेतकरी बावळट आहे म्हणून? पाच एकरावर संसार ओढणारा माणूस बावळट असूच शकत नाही, तो केव्हाच बुडाला असता.

तो जातो, कारण तेथे सांगणारा माणूस उघड्या रानात, त्याच्यासमोर उभा असतो. सांगणे महिन्यामहिन्याचे असते, पिकापिकाचे असते. कपाशी मध्यम, ज्वारी चांगली, तूर रोगट, अशा भाषेत असते. नांगरटी झालेली असते, हाताला थोडी सवड असते. आणि सांगणाऱ्याला पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याच रानात, त्याच माणसांपुढे पुन्हा उभे राहायचे असते. उपग्रह, रडार, महागणकयंत्र हे सगळे ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे नेमक्या याच गोष्टी नाहीत.

१८७५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या जानेवारीत हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानाने लोकांपुढे येऊन बोलावे आणि लोकांनी ऐकावे, ही रीत आपल्या मराठी मुलखात तेव्हापासून रुजली. पुढे तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. पण त्या व्यासपीठावर साहित्यिक आले, पुढारी आले, इतिहास सांगणारे आले. पावसाचा हिशेब सांगणारा माणूस क्वचितच आला. खात्याने काहीच केले नाही असे मात्र म्हणता यायचे नाही. पुण्याला १९३२ साली डॉ. रामदास यांच्या हाताखाली शेतीच्या हवामानाची वेगळी शाखा निघाली. १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त सुरू झाले. आपल्या आज्यांनी ते ऐकले आहे. पण रेडिओ बोलतो, ऐकत नाही. मोबाईलवर येणारा संदेशही तसाच. 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता' असा संदेश आला, की त्याला उलट विचारायची सोय नसते: बाबा रे, तुरळक म्हणजे माझे शेत धरून की सोडून?

मोठे सोहळे होतात, तेही पाहिले. २०२३ च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळे सत्रही ठेवले होते. पण जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे घरात वेचणीची घाई आणि शेतात तुरीची सवंगणी. ज्याच्यासाठी सत्र, तो कापूस वेचत होता.

आता मुद्द्याचे. या माणसांना बोलावून विचारायचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट ही, की त्यांचे शब्द आपल्या मापात उतरवून घ्यायचे. खाते एप्रिलच्या मध्याला सांगते, यंदा पाऊस 'सर्वसाधारण'. हे सर्वसाधारण म्हणजे काय? जून ते सप्टेंबर, चार महिन्यांत, सगळ्या देशाची मिळून सरासरी ८७ सेंटीमीटर धरली आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला तर सर्वसाधारण. यात अकोला-बुलढाण्याचा सुमारे सातशे मिलिमीटरचा मुलूख आहे आणि बाराशेच्या वरचे गडचिरोलीही आहे. केरळ आहे, राजस्थान आहे. या आकड्यावर दिल्लीत तिजोरीचा अंदाज बांधता येतो, धान्याची आयात-निर्यात ठरवता येते. हिंगण्याच्या बरड जमिनीत सरकी केव्हा डोबायची, हे त्यावरून ठरत नाही, ठरवू नका.

२०२३ चेच साल घ्या. एप्रिलचा अंदाज ९६ टक्के होता. हंगाम संपला तेव्हा पाऊस भरला ९४ टक्के. अंदाजात चार-पाच टक्क्यांची चूक आधीच धरलेली असते, त्यामुळे खात्याच्या वहीत तो अंदाज बरोबर ठरला. आणि आपल्या वहीत? जुलैच्या चौथ्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर मागवावे लागले. त्यानंतर ऑगस्ट आला. सबंध देशात त्या महिन्याचा पाऊस ३६ टक्के कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. पात्या गळाल्या, ज्वारी पोटऱ्यात अडकली. आणि २२-२३ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. पूर, दुष्काळ, पुन्हा पूर, आणि चार महिन्यांची बेरीज मात्र जवळजवळ सर्वसाधारण! बेरजेने पीक पिकत नाही, भावांनो. पीक खंडाने मरते. तेव्हा शास्त्रज्ञाला विचारायचे ते हे, की खंडाबद्दल तुम्ही किती दिवस आधी, किती खात्रीने सांगू शकता? दर गुरुवारी खाते पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढते. त्यातला पहिला आठवडा किती विश्वासाचा, दुसरा किती, आणि चौथ्या आठवड्याकडे पाहावे की पाहू नये? हे त्यांनी आपल्यासमोर बसून सांगावे.

नुसते बरोबर की चूक असे पाहून भागत नाही. खाते म्हणाले, पुढच्या आठवड्यात चांगल्या पावसाची शक्यता साठ टक्के. म्हणजे असा प्रसंग दहादा आला तर चारदा पाऊस येणार नाही. ज्याच्याकडे वीस एकर आहेत, विहिरीला पाणी आहे, त्याने साठ टक्क्यांवर डोबून टाकावे. चारदा बुडाला तरी सहादा तो पुढे जाईल. पण ज्याने सावकाराकडून बियाणे उचलले आहे आणि दुसऱ्यांदा उचलायची ज्याची पत नाही, त्याला चारातला एकच फटका आयुष्यातून उठवायला पुरतो. त्याने थांबलेले बरे, निदान अर्ध्या रानात थांबलेले बरे. म्हणजे अंदाज एकच, पण सल्ला दोघांना वेगळा. हा वेगळा सल्ला सोनेगावहून येऊ शकत नाही, कारण तुमची पत, तुमची जमीन, तुमचे देणे त्यांना ठाऊक नाही. आणि तो तुम्हाला एकट्यालाही काढता येत नाही, कारण शक्यता त्यांच्याकडे आहे. दोघे समोरासमोर बसले तरच निघेल. या संध्याकाळीचे सगळे प्रयोजन आमच्या लेखी एवढेच आहे.

काही जण म्हणतील, हे हवामानवाले खोटारडे आहेत, कंपन्यांना मिळालेले आहेत. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हीच तक्रार थेट पोलीस ठाण्यात नेली होती: चांगल्या पावसाचा अंदाज देऊन बियाणे-खताच्या कंपन्यांचा माल खपवला, आम्ही पेरले आणि पाऊस गेला. त्या शेतकऱ्यांचा संताप आम्हाला समजतो. दुबार पेरणीच्या तोंडावर उभा राहिलेला माणूस आणखी काय करणार? पण पोलीस ठाण्यात अंदाजाची झडती होत नाही. झडती घ्यायची तर ज्याने अंदाज केला त्याला समोर बसवून, मागच्या हंगामाची पाने उलटून घ्यायची. पोलिसांपेक्षा तो प्रकार त्यांना जड जाईल, आणि आपल्याला उपयोगी पडेल.

चूक समोर आल्यावर शास्त्र पुढे जाते, याचा दाखला याच खात्याच्या इतिहासात आहे. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सोळा घटकांचे प्रारूप आले. पुढची चौदा वर्षे देशाच्या हंगामाचा कौल त्याने बरा दिला. मग २००२ आले. अंदाज सर्वसाधारण पावसाचा, आणि जुलैत निम्मासुद्धा पाऊस पडला नाही; हंगाम १९ टक्के तुटीत गेला. खात्याला ते प्रारूप बदलावे लागले. पुढे २०१२ पासून मान्सून मिशनमध्ये समुद्र आणि हवा यांचे गणित एकत्र सोडवणारी पद्धत आली. मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज सुरू झाला, आधी ती चौकट बारा किलोमीटरची होती. सहा किलोमीटरची चौकट म्हणजे किती? सुमारे नऊ हजार एकर. दोन-चार गावे त्यात सहज बसतात. धुऱ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडे, हे आपण दर जूनमध्ये पाहतो; ते या चौकटीला दिसत नाही. हेही त्यांच्याच तोंडून गावाने ऐकलेले बरे. यंत्र बिघडू शकते हेही. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात शेतकी जमिनीवरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, देशभर बोभाटा झाला. त्याच वेळी इतर ठिकाणी पारा ४४ च्या आसपास होता. संवेदक बिघडल्याचा खुलासा खात्याने केला. आता असेच एखादे यंत्र पावसाचा आकडा चुकवू लागले तर कोणाला कळणार? उन्हाचा ५६ सगळ्यांना खटकला. पावसाचा ५६ कोणाला खटकणार नाही.

आणि त्या आकड्यावर आपली भाकरी टांगलेली आहे! महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. मंडळाच्या गावी ६० नोंदले आणि तुमच्या शिवारात ढगफुटी होऊन माती वाहून गेली, तर कागदावर काही घडलेच नाही. म्हणून आमची सूचना आहे, की या संध्याकाळी रिकाम्या हाताने जायचे नाही. प्रत्येक गावाने दोन-तीन घरी पाऊस मोजायला लागायचे. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा, तो झाड आणि भिंत यांपासून दूर, खुंटाला बांधलेला. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर मोजायचे आणि वहीत लिहून डबा पालथा करायचा. साडेआठच का? खातेही तेव्हाच मोजते, म्हणून. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरभर रानावर चार हजार लिटर पाणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी खाते दरवर्षी सांगते. ७५ मिलिमीटर म्हणजे एकराला तीन लाख लिटर. ढेकूळ वरून ओले झाले म्हणजे तेवढे पाणी मुरले असे नाही, हे एकदा वहीत दिसले की शेजाऱ्याच्या तिफणीकडे पाहून पेरायची घाई थोडी कमी होईल. २०२५ मध्ये काय झाले? मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात, २६ मे रोजी मुंबईत. मेअखेर विदर्भाच्या पूर्व टोकालाही शिवला. आणि मग जूनच्या मध्यापर्यंत जागेवर थबकला. मान्सून आला ही बातमी खरी होती. पेरायला पाणी आले, असे ती म्हणत नव्हती.

दहा गावांच्या दहा वह्या घेऊन आपण बसलो, तर समोरच्या शास्त्रज्ञाचीही भूमिका बदलते. आम्ही कृषी महाविद्यालयात 'प्रयोगशाळेतून शेताकडे' हे वाक्य इतक्या वेळा लिहिले की हात दुखला. उलट्या वाटेने, शेतातून प्रयोगशाळेकडे, काही जाते असे कोणी शिकवले नाही. वही ती वाट उघडते.

वाऱ्यापावसाची चाल बदलली आहे का, हाही प्रश्न प्रत्येक पारावर निघतो, आणि म्हाताऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: पूर्वीची झड आता राहिली नाही. हे नुसते म्हातारपणाचे बोलणे नाही. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की मध्य भारतात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढत आहेत आणि मध्यम पावसाचे घटत आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे झड कमी, धो-धो जास्त, हे पार आणि प्रयोगशाळा दोघांनाही दिसले आहे. परतीच्या पावसाचेही तसेच. वायव्य राजस्थानातून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख खात्याने २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. ज्याची खरीप ज्वारी दाणे भरताना भिजून काळी पडली, त्याला हे आधीच कळले होते. विदर्भातून ज्वारी गेली ती भावामुळे गेली, पाखरांमुळे गेली, डुकरांमुळे गेली. पण कणसात बुरशी धरते म्हणूनही गेली. तिच्याबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर बैल. पुढच्या वीस वर्षांत हस्त-चित्राचा पाऊस वाढणार असेल तर कोणत्या मुदतीची ज्वारी पेरायची, तूर किती ओळींनी घालायची, याचा विचार आतापासून करावा लागेल. त्याचे उत्तर एकट्या हवामानवाल्याकडे नाही. कापूस संस्थेचा आणि विद्यापीठाचा माणूस त्याच सतरंजीवर हवा.

आणखी एक बोलून ठेवतो. हवामान बदलाचे नाव काढले की शहरातली मंडळी शेतकऱ्याला उपदेश करायला लागतात. पऱ्हाट्या जाळू नका, खत कमी टाका, गायीम्हशींच्या ढेकरातून वायू निघतो. जरूर सांगा. पण कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या याच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या विजेवर कोणाच्या खोल्या थंड होतात, हेही त्याच संध्याकाळी, त्याच शास्त्रज्ञाला आपण विचारू. वाटा कोणाचा किती, आकड्यात सांगा म्हणावे. शास्त्रज्ञ प्रामाणिक असेल तर सांगेल, आणि ते आकडे आपल्या मागण्यांच्या कामी येतील.

मागणीचा विषय निघालाच आहे तर: कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा पातळीवर हवामान सल्ल्याचे कक्ष २०१८ पासून उघडले गेले. देशभरात ते १९९ झाले होते. शेतकऱ्याच्या जवळात जवळ असलेला हवामानाचा माणूस तो. २०२४ मध्ये ते कक्ष बंद केले. सल्ला फुकट देण्यापेक्षा तो विकला जावा, ही बुद्धी कोणाची, ते तुम्ही ओळखा. आपण शास्त्रज्ञांना नुसते पाहुणे म्हणून बोलावत नाही; त्यांची माणसे काढून टाकली तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. गावांनी त्यांना पाहिलेलेच नव्हते, तर गाव त्यांच्यासाठी भांडणार कसे?

आता व्यवस्थेचे. संध्याकाळ नागपुरात नको. गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र आहे, जागा चांगली आहे, पण शेवटची एसटी चुकली तर शेतकऱ्याने रात्र कोठे काढायची? काटोल, उमरेड, सावनेर, हिंगणा अशा चार तालुक्यांत, बाजाराच्या गावाऐवजी आतल्या एखाद्या गावी, शाळेच्या पटांगणात किंवा पारावर बसू. दूध काढून, जनावरे बांधून झाल्यावर, साडेसातला. डोबणी करतात बाया आणि विजा पडतात तेव्हा रानात असतात त्याही बायाच. म्हणून त्यांच्यासाठी पुढची जागा राखायची, आणि स्वयंपाक त्या दिवशी पुरुषांनी पाहावा. हसू नका, खिचडी सगळ्यांना येते. विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' पुण्याच्या त्याच संस्थेने केले आहे. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी ते तेथेच उतरवून घ्यावे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्यापर्यंत रानात निरोप कसा पोचवायचा हे गावाने तेथेच ठरवावे.

आमदार, सभापती, हारतुरे, दीपप्रज्वलन यांतले काही नाही. कंपनीचा फलक नाही, बियाण्याचे दुकान नाही. प्रश्न चिठ्ठ्यांवर आधी गोळा करायचे आणि शास्त्रज्ञांना दोन दिवस आधी पोचवायचे, म्हणजे ते तयारीने येतील. आधी प्रश्न, मग बोलणे. इंग्रजी शब्द आला की कोणीही हात वर करून थांबवावे. त्यांचा अपमान होईल असे कोणी बोलणार नाही, याची जबाबदारी तालुका प्रमुखाची. पहिली बैठक मेच्या शेवटच्या आठवड्यात, कारण खात्याचा सुधारित अंदाज त्या सुमारास येतो आणि बियाणे अजून घ्यायचे असते. दुसरी दिवाळीनंतर, त्याच गावी, त्याच माणसांना बोलावून. तेव्हा मेमध्ये फळ्यावर लिहिलेले आणि आपल्या वह्यांत नोंदलेले शेजारी शेजारी ठेवू. दुसऱ्या बैठकीला यायचे कबूल असेल तरच पहिलीचे आमंत्रण, हे पत्रात लिहायचे.

पत्राचा मसुदा तयार आहे, तो बैठकीपुढे ठेवतो. सही जिल्हा समितीची राहील. ज्या गावांना पाऊस मोजायचा आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावे द्यावीत. डबे सारख्या मापाचे हवेत, म्हणून ते एकत्रच करून घेऊ. वह्या आणि पट्ट्या ज्याच्या त्याने आणाव्यात.